साळवेमावशींचा खड्डा

साळवेमावशींबद्दल लिहायचं तर खरं म्हणजे सुरुवात माझ्या बाथरूममधल्या टॉवेलच्या दांडीपासून करायला हवी. पण माझा स्वभाव असा, की अवघड गोष्ट मी चार दिवस तोंडात घोळवतो आणि मग मुकाट्याने गिळून टाकतो. ही दांडी गिळणार नाही, एवढं कबूल करतो. आधी मावशी.

मावशींच्या अंबाड्यात टेस्टर असायचा. फूल नाही, आकडा नाही. इलेक्ट्रिशियनच्या खिशात असतो तो पिवळ्या मुठीचा, आत इवलासा दिवा असलेला टेस्टर. कुणाकडेही चहाला गेल्या की बसण्याआधी तो उपसायच्या आणि यजमानांच्या फ्रिजला टेकवायच्या. दिवा लागला नाही की टेस्टर अंबाड्यात आणि मावशी खुर्चीत. लागला तर त्या दिवशी चहा नाही, आधी इलेक्ट्रिशियन. पहिल्या मजल्यावरच्या बन्सलभाभींचा फ्रिज असाच पकडला गेला. भाभी कौतुकाने म्हणाल्या, "हम तो समझे मौसीजी, नया फ्रिज है, इसलिए झनझनाता है।" तीन वर्षं ते कुटुंब दूध काढताना झिणझिण्या घेत होतं आणि त्याला कंपनीची खासियत समजत होतं.

आमची सोसायटी दिल्लीतली, जमनापारची, म्हणजे यमुनेच्या पलीकडची. पाच मजली, जुनी, केंद्र सरकारच्या नोकरदारांनी मिळून बांधलेली. आमच्या रांगेत तळमजल्यावर मावशी, पहिल्यावर बन्सल, दुसऱ्यावर चड्ढाजी, तिसऱ्यावर मी आणि चौथ्यावर नायरसाहेब. मी देशपांडे, पण दिल्लीला एवढं लांब आडनाव झेपत नाही, म्हणून गेली वीस वर्षं मी 'पांडेजी' आहे. मावशी मात्र मला 'अविनाश' म्हणायच्या. पूर्ण सोसायटीत मला माझ्या नावाने हाक मारणारं तेवढंच माणूस, आणि त्याच माणसाशी मी... असो. येतोच आहे.

मावशी मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. लग्न केलं नाही. नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत, जिथे नव्या यंत्रांवर मुद्दाम विजेचे झटके सोडून ती टिकतात का बघत. कुणी विचारलं, "मावशी, तुम्ही काय करत होतात?" तर त्या बटाट्याची साल काढता काढता म्हणायच्या, "मी वीज पाडायचे. सत्तावीस वर्षं पाडली. आता पडणारीला आवरते."

आवरायच्या म्हणजे कशा, तर थाळी घेऊन. मे-जूनमध्ये दिल्लीला आँधी येते. पश्चिमेकडून आकाश आधी पिवळं होतं, मग तपकिरी, मग धुळीची भिंतच चालत येते आणि तिच्या मागून विजा. मावशी खालच्या पटांगणात उभ्या राहून स्टीलच्या थाळीवर डाव हाणायच्या. "प्लग निकालो! स्विच नहीं, प्लग! केबल भी निकालो!" स्विच बंद करून भागतं असं म्हणणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "वीज एवढे कोस हवेतून उडी मारून येते, आणि तुझ्या स्विचमधल्या दोन सुतांच्या फटीला घाबरेल होय रे?" शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून दुसऱ्यांदा थाळी वाजे; ती ऐकली की टीव्ही लावायचा. या सवयीचा परिणाम असा, की त्या एका वर्षी अख्ख्या देशाने संध्याकाळी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, तेव्हा आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांनी धावत जाऊन टीव्हीचे प्लग काढले.

थंडीतही सुटका नसे. दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यात माणसं पोलिस्टरच्या ब्लँकेटातून उठतात तीच ठिणग्या घेऊन. मावशींचा नियम होता, 'आधी लोखंड, मग यंत्र.' त्यांच्या घरी टीव्हीसमोर ओलं पोतं असे. त्यावर अनवाणी उभं राहून खिडकीच्या गजाला हात लावल्याशिवाय रिमोट मिळत नसे. माझा पुण्याचा एक मित्र गुडगावला आयटीत होता. माझ्या जुन्या कॉम्प्युटरची मेमरी बदलून देतो म्हणून जानेवारीच्या एका रविवारी आला, अंगात झुबकेदार फ्लीसचं जाकीट. त्याने कॉम्प्युटर उघडला आणि मावशी दारात.

"जाकीट काढ."

"काकू, मी इंजिनियर आहे."

"तू असशील. फ्लीस नाहीये. काढ. आणि स्वेटरही काढ, नायलॉन आहे तो."

पाच मिनिटांत तो इंजिनियर आमच्या स्वयंपाकघराच्या थंडगार फरशीवर बनियन आणि पँटवर, अनवाणी, डावा हात नळाला लावून उजव्या हाताने मेमरी बसवत होता. बाहेर धुकं. दात वाजत होते त्याचे. मावशी शेजारी उभ्या राहून त्याला धीर देत होत्या, "हां, असं. आता कसा सभ्य दिसतोस." तो पुढे आठवडाभर सर्दीने झोपला. कॉम्प्युटर मात्र नऊ वर्षं चालला.

पावसाळ्याचं प्रकरण आणखी वेगळं. बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या त्या दाणेदार पुड्या त्या सोसायटीभरातून गोळा करायच्या, दमट झाल्या की तव्यावर मंद भाजायच्या आणि डब्यात भरून कॅमेरे, रेडिओ, श्रवणयंत्रं त्यात ठेवायला लोकांना द्यायच्या. भिजलेला मोबाइल तांदळात पुरणाऱ्यांना म्हणायच्या, "तांदूळ भातासाठी असतो. मोबाइलचा पुलाव करायचाय का?" एअर कूलर आणि टीव्ही एका खोलीत दिसले की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी दोन सवतींना एकाच पलंगावर निजवलंय.

पण त्यांचा खरा जीव होता खड्ड्यात.

इमारतीच्या मागे, कण्हेरीच्या झुडपांशेजारी अर्थिंगचा खड्डा आहे. गच्चीवर वीज झेलणारी टोकदार सळई, तिच्यापासून मागच्या बाल्कन्यांच्या कडेने खाली उतरणारी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी, आणि पट्टीचं टोक या खड्ड्यात, मिठाच्या आणि कोळशाच्या थरांत पुरलेलं. गच्चीवर पडलेली वीज पट्टीवरून उतरून जमिनीत मुरावी, अशी योजना. मात्र जमीन ओली हवी. कोरडी जमीन वीज घेत नाही, आणि दिल्लीचा उन्हाळा म्हणजे जमिनीची वीट. म्हणून मावशी दर शनिवारी सकाळी आकड्याने झाकण उचलून खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालायच्या. अधूनमधून मीठ, कोळसा.

आता तुम्हीच बघा. शनिवार. काळा कोळसा. मीठ. एक म्हातारी बाई खाली मान घालून जमिनीतल्या भोकात पाणी सोडते आहे. महिन्या-दोन महिन्यांत मागच्या गल्लीतल्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. एका शनिवारी मावशी बादल्या घेऊन गेल्या तर झाकणावर मोहरीच्या तेलाचा दिवा, झेंडूची माळ आणि थोडे काळे तीळ. दोन बायका पदर डोक्यावर घेऊन उभ्या. त्यातल्या एकीने मावशींच्या पायाला हात लावून विचारलं, "माताजी, साढ़ेसाती में कितने शनिवार डालना है?"

मावशी चर्चच्या बाई. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दिवा उचलून बाजूला ठेवला आणि शांतपणे समजावलं, "तेल नहीं डालने का। तेल बिजली नहीं लेता। फूल चलेगा। पानी लाओ, पानी सबसे अच्छा।" पुढच्या शनिवारपासून त्या बायका एकेक कळशी पाणी घेऊन येऊ लागल्या. मावशी मला म्हणाल्या, "अविनाश, माझ्या एक बादलीचे कष्ट वाचले. श्रद्धा असावी माणसाला, फक्त ती ओली असावी."

आता दांडी.

दिल्लीत फ्लॅट घेतला की माणूस आधी गृहप्रवेश करतो आणि मग बाल्कनी बंद करतो. बाल्कनी म्हणून ठेवणं हा इथे मूर्खपणा मानतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावल्या की एक खोली फुकट. आमच्या रांगेत बन्सल, चड्ढा, नायर सगळ्यांनी मागच्या बाल्कन्या बंद केल्या होत्या. राहिलो होतो मी. मीही ठेकेदार बोलावला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, ये पत्ती बीच में आ रही है। फ्रेम नहीं बैठेगा।"

मी म्हटलं, "ये क्या है?"

"कुछ नहीं सर, पुराने ज़माने की चीज़ है। सबके यहाँ होती है, किसी काम की नहीं।"

मला माहीत होतं ती काय आहे. मावशींच्या रांगेत राहून ते माहीत नसणं शक्यच नव्हतं. मी म्हणू शकलो असतो, फ्रेम चार इंच आत घे. पण चार इंच म्हणजे कॉम्प्युटरचं टेबल बसलं नसतं. मी काही म्हटलं नाही. नुसता खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि ठेकेदार लोकांना ग्राहकाचं खिडकीबाहेर बघणं म्हणजे काय ते कळतं. करवतीचा आवाज फार वेळ आला नाही. पावणेतीन फुटांचा तुकडा निघाला. तो गडी मोठा कलावंत. "माल बढ़िया है सर, फेंकना नहीं," म्हणून त्याने तुकड्याची दोन्ही टोकं वाकवली, भोकं पाडली आणि बाथरूममध्ये टॉवेलची दांडी ठोकून दिली.

मीरा, माझी बायको, म्हणाली, "मावशींना सांगायला हवं."

मी म्हटलं, "सांगतो."

दोन वर्षं मी रोज सकाळी त्या दांडीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसत होतो, आणि सांगणार होतो.

मग ती मॅच आली. फायनल, तीही परदेशात. तिथे लख्ख ऊन आणि इथे मे महिन्यातली दुपार, पश्चिमेला पिवळं आकाश. सोसायटीच्या हॉलमध्ये नवा मोठा टीव्ही लावलेला, पन्नास-साठ माणसं, समोसे. शेवटची चार षटकं राहिली होती आणि बाहेर थाळी वाजली. कुणी हललं नाही. थाळी जवळ आली, दारात आली, आणि मावशी आत येऊन थेट प्लगकडे निघाल्या. चड्ढाजी वयाने सत्तरीचे, दोन्ही गुडघे बाद, पण ते उठून मावशींच्या आडवे झाले आणि त्यांनी हात जोडले. "मौसीजी, आज नहीं। दस साल से आपकी हर बात मानी है। आज बस चार ओवर।"

सगळा हॉल म्हणाला, "मौसीजी, प्लीज़!"

मावशी खिडकीशी गेल्या. वीज चमकली. त्या ओठांतल्या ओठांत अंक मोजू लागल्या. हॉलमध्ये कुणीतरी टीव्हीचासुद्धा आवाज बंद केला. विसाव्या अंकाला गडगडाट झाला. "लांब आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी पोरांसारखी आशेने बघणारी ती साठ तोंडं पाहिली. मला वाटतं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी 'हो' म्हणायचा मोह झाला. वीज पाडणाऱ्या आणि वीज आवरणाऱ्या माणसाला असे प्रसंग कमी येतात.

त्यांनी हॉलमध्ये नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "अविनाश, बाल्कन्या बंद झाल्यापासून मला खालून पट्टी दिसत नाही रे. तुझ्याकडून खाली येते ना? धड आहे ना?"

माझ्या तोंडात समोसा होता. लोक माझ्याकडे बघत होते. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण मॅच माझ्या उत्तरावर अडलीय एवढं कळत होतं. एक शब्द पुरला असता.

मी म्हटलं, "हो मावशी."

मावशी वळल्या. "पत्ती ठीक है। खड्डा गीला है। दो ओवर देखो। दो के बाद मैं नहीं सुनूँगी।"

टाळ्या पडल्या. चड्ढाजींनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. पाचव्या चेंडूला पांढरा प्रकाश पडला आणि त्याबरोबर आवाज. मध्ये मोजायला एकही अंक नव्हता. टीव्ही गेला. लिफ्टचं यंत्र गेलं. इंटरकॉम गेला. मावशींचं सोडून आमच्या रांगेतल्या चारही घरांतले फ्रिज, राउटर, गीझर, जे जे प्लगला होतं ते सगळं. माझ्या नव्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधून तर धूर निघाला. हाच तो, नऊ वर्षांचा. माणसं धड राहिली हे नशीब.

पुढच्या रविवारी सभा झाली. लिफ्ट बंद, म्हणून सगळे जिने चढून-उतरून आलेले, आणि धापा टाकणारा माणूस न्याय घाईत करतो. "मौसीजी ने परमिशन दी थी," चड्ढाजी म्हणाले. ज्यांनी हात जोडले होते तेच. कुणी म्हणालं, खड्ड्यात नको तितकं मीठ घातलं. मागच्या गल्लीचं मत होतं, तेल बंद केलं म्हणून शनी कोपला. नायरसाहेब काहीच बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत. मीही बोललो नाही.

मावशी उभ्या राहिल्या. "गलती मेरी है। मैंने हाँ बोला था।" झाकण उचलायचा लोखंडी आकडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि गेल्या. मी हो म्हटलं होतं. मावशींनी ते आपल्या नावावर घेतलं.

खड्डा एका एजन्सीकडे गेला. एजन्सीची माणसं एकदा आली, खड्डा तपासून "एकदम ओके" म्हणाली आणि पुन्हा दिसली नाहीत. मावशींना तेच तर छळत होतं. खड्डा चांगला, गच्चीवरची सळई चांगली, मग वीज खड्ड्यात का गेली नाही? त्या जिन्यात भेटल्या की एकदम म्हणायच्या, "अविनाश, मीठ जरा जास्तच झालं का रे तेव्हा?" कधी, "कोळसा जुना होता, त्याचं तर नसेल?" सत्तावीस वर्षं वीज पाडलेली बाई मिठाच्या चमच्यावर स्वतःला दोषी ठरवत होती आणि मी "नाही हो मावशी, मीठ बरोबर होतं" असं म्हणत होतो. हे मात्र अगदी खरं बोलत होतो.

त्या पावसाळ्यात थाळी वाजली नाही. लोक चुकल्यासारखे आकाशाकडे बघायचे, मग मावशींच्या दाराकडे, आणि प्लग काढायचा की नाही ते न कळून निम्मा काढून ठेवायचे. बन्सलभाभींचा नवा टीव्ही ऑगस्टमध्ये गेला.

एकदा मावशी भर पावसात आमच्याकडे आल्या. अंबाड्यात टेस्टर नव्हता. ओली छत्री ठेवायला बाथरूममध्ये गेल्या आणि तिथून आवाज आला, "छान दांडी बसवलीस रे! जस्ताची आहे. कधी गंजायची नाही बघ." छत्री दांडीला टांगून त्या चहाला बसल्या. मीराने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

फेब्रुवारीत कळलं, मावशी दिल्ली सोडताहेत. नगरला पुतण्याकडे, कायमच्या. मीराने त्या दिवशी टॉवेल हातात घेतला आणि म्हणाली, "आज सांगितलं नाहीत तर हा मी तुमच्या गळ्यात वाळत घालीन."

मी स्क्रू काढले. दांडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तळमजल्यावर गेलो. मावशी भांडी बांधत होत्या. मी पुडकं टेबलावर ठेवलं. त्यांनी कागद सोडला. चष्मा लावला. पट्टीवरून बोट फिरवलं, करवतीच्या टोकाशी थांबलं.

"कुठली?"

"माझ्या बाल्कनीतली."

"कधी?"

"मॅचच्या दोन वर्षं आधी."

मी डोळे मिटून घेतले. शिव्या, अश्रू, काहीही येईल म्हणून. आलं ते वेगळंच. मावशींनी टेबलावर थाप मारली आणि ओरडल्या, "म्हणजे खड्डा बरोबर होता!"

मी डोळे उघडले. त्यांचा चेहरा फुलला होता. "अरे, खड्डा बरोबर होता! मीठ बरोबर होतं! कोळसा बरोबर होता! वीज आली बिचारी पट्टीवरून, आणि पुढे रस्ताच नाही म्हटल्यावर घुसली घरात. तिची काय चूक?" त्यांनी मला चहा करून दिला. तो मी अर्धा प्यायलो असेन, तेव्हा कुठे त्यांना राग आला. "नऊ महिने मी मिठाचा विचार करत झोपलेय रे गाढवा. नऊ महिने! आणि छत्री टांगली मी तिच्यावर!" मग पट्टी परत माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? खड्डा मी सांभाळलाय, मला आतून माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

त्यांच्या निरोपाचा चहा हॉलमध्ये होता. चड्ढाजींनी "मौसीजी हमारी माँ जैसी हैं" असं भाषण केलं. ते मावशींपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. मग मी उठलो. वीस वर्षांत सोसायटीच्या कुठल्याही सभेत मी उठलो नव्हतो, त्यामुळे लोकांना वाटलं मी पंखा वाढवायला चाललोय. मी पट्टी वर धरली आणि हिंदीत, एका दमात सांगितलं. ये अर्थिंग की पत्ती है। मेरी बालकनी में थी। मैंने कटवाई। मौसीजी की कोई गलती नहीं थी।

मला वाटलं, आता सगळे तुटून पडणार. चड्ढाजी चपलेकडे बघत होते. बन्सलभाभी छताकडे. शेवटी भाभीच म्हणाल्या, "चड्ढाजी, अब आप भी बोल दो।"

"मैं क्या बोलूँ? आपके किचन में मसालों की शेल्फ किस पर टिकी है, वो बोलो पहले!"

"आपने ही तो ठेकेदार भेजा था मेरे पास! कहा था, पत्ती काट देगा, फ़्रेम सीधा बैठेगा!"

नायरसाहेब उठले, न बोलता बाहेर गेले. जिन्यावर त्यांची पावलं चढताना ऐकू आली, मग उतरताना. ते आले तेव्हा हातात चार फुटी पट्टी होती, रंगवलेली, आणि तिला मनीप्लँटचा वेल अजून गुंडाळलेला. ठेकेदार सगळ्यांचा एकच होता. बन्सल आणि चड्ढा यांना एकमेकांचं माहीत होतं, नायरसाहेबांना आणि मला वाटत होतं की पट्टी आपण एकट्याने कापली, आणि नऊ महिने प्रत्येक जण जिन्यात दुसऱ्याला टाळून, खाली बघून चालत होता. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, थोडं वाईटच वाटलं. एवढं जपलेलं पाप, आणि तेही सार्वजनिक निघालं.

मावशींनी सगळे तुकडे मागवले. सतरंजीवर मजल्याप्रमाणे ओळीने मांडले, नायर वर, बन्सल खाली. ओणवं होऊन टेपने मोजलं आणि मान वर केली. "इसमें सव्वा फुट कम है। किसके पास है?"

चड्ढाजी पडेल आवाजात म्हणाले, "मेरा आधा टुकड़ा कबाड़ी ले गया।"

हॉल असा हसला की मावशींनाही अंबाडा सावरावा लागला. आकडा त्यांना परत मिळाला. त्यांनी गाडीचं तिकीट चार दिवस पुढे ढकललं आणि नवी अखंड पट्टी गच्चीपासून खड्ड्यापर्यंत, सगळ्यांच्या फ्रेमच्या बाहेरून, स्वतः खाली उभं राहून बसवून घेतली. वर लोंबकळणारा इलेक्ट्रिशियन "माताजी, हो गया" म्हणाला की त्या म्हणायच्या, "तुम्हारा हो गया। मेरा नहीं हुआ।"

पण एक गोष्ट हॉलमध्ये निघाली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिखाण खोटं ठरेल. पट्टी चौघांनी कापली होती. 'हो मावशी' मी एकट्याने म्हटलं होतं. ते मराठीत होतं, म्हणून मावशींशिवाय कुणाला कळलं नाही; आणि मावशींनी ते कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा.

जायच्या सकाळी इमारतीच्या मागे टॅक्सीत सामान चढलं. निजामुद्दीनहून गाडी होती, ड्रायव्हर घाई करत होता. मावशी पुढच्या सीटवर बसल्या, अंबाड्यात टेस्टर. मी नमस्काराला वाकलो. त्यांनी काच खाली केली.

"अविनाश, पट्टी धड आहे ना रे?"

चार दिवसांपूर्वी बसवलेली नवी पट्टी. काय होणार होतं तिला? 'हो' अगदी जिभेवर आला होता. मी तो तिथेच थांबवला.

"थांबा मावशी. बघून सांगतो."

ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, ट्रेन छूट जाएगी।" मावशी त्याला म्हणाल्या, "देखने दो उसको।"

मी लिफ्ट घेतली नाही. पहिल्या मजल्यावर बन्सलभाभींच्या बाल्कनीतून हात बाहेर काढून पट्टी चाचपली. दुसऱ्यावर चड्ढाजींकडे, ते दाढीला साबण लावून उभे. तिसऱ्यावर माझ्याकडे. चौथ्यावर नायरसाहेबांनी न विचारता दार उघडलं. मग गच्ची, सळईच्या बुडाशी वाकून बोल्ट हलवून पाहिला. छाती भात्यासारखी चालली होती. कठड्यावरून खाली वाकलो.

टॅक्सीचं दार उघडं होतं. मावशी कण्हेरीपाशी होत्या. झाकण उचललेलं, आणि त्या आपली प्रवासाची पाण्याची बाटली खड्ड्यात उपडी करत होत्या. गळ्यापर्यंत भरलेली, नगरपर्यंत पुरायची बाटली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी शेवटचा थेंब झटकला आणि वर पाहिलं.

मी ओरडलो, "आहे मावशी! धड आहे!"

त्यांनी मान हलवली, पायाने झाकण सारलं, आणि टॅक्सीच्या लोखंडी दाराला आधी बोट लावून मग आत बसल्या.